टेबलाखाली बघा, साहेब

नेट गेलं तसे मालक खुर्चीत मागे रेलले. "बघा. सोमवारची सकाळ. गेलं."

इमारतींचे नकाशे काढणारं ते ऑफिस. केबिनच्या दाराजवळ, भिंतीवर डोक्याच्या उंचीला राउटरची पांढरी पेटी होती. तिचे बाकीचे दिवे हिरवे होते, एकच लाल झाला होता. पेटीला कुणी हात लावला नव्हता. भाऊजी स्वतः तिच्यासमोर उभे होते.

भाऊजींच्या वहिनी खासगी गुप्तहेर. भाऊजींची कामं दोन: गाडी चालवणं आणि सर्वांत आधी चुकीच्या माणसावर संशय घेणं. दुसऱ्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तीन महिने हेच चाललं आहे, मालक सांगत होते. दर सोमवारी सकाळी ग्राहकांची बैठक पडद्यावर भरायची. ऑफिस निघालं तेव्हापासूनची ही वेळ. नेमकं तेव्हाच नेट तुटायचं. एक मोठं काम त्यापायी हातचं गेलं.

"पासवर्ड एकाच व्यक्तीकडे आहे. रिसेप्शनवरच्या बाईंकडे." त्यांनी टेबलावरच्या लखोट्यावर बोट ठेवलं. "कामावरून काढल्याचं पत्र. आज संध्याकाळी त्या घरी. तुम्ही फक्त पुरावा द्या."

"नेट कंपनीच्या मदत केंद्राला फोन करता?" वहिनींनी विचारलं.

मालकांचा चेहरा कडू झाला. आधी कान किटेपर्यंत संगीत. मग तो माणूस. या इमारतीच्या तक्रारी त्याच्याकडेच जातात, त्यामुळे दर वेळी तोच. ग्राहक क्रमांक ठाऊक असूनही तीनदा वदवून घेतो.

"वर म्हणतो, खिडकीकडच्या टेबलाखाली वाका, साहेब, स्विच नीट आहे का बघा. माझे गुडघे कामातून गेले. नाही वाकलो तर फोन ठेवतो. शेवटी म्हणतो, थांबा, इथून बघतो. आणि सुरू होतं."

"पेटी तर भिंतीवर आहे," भाऊजी म्हणाले.

"पढवलेले पोपट ते. त्यांना काय कळतंय?"

वहिनी मालकांच्याच त्या खिडकीकडच्या टेबलाखाली वाकल्या. भाऊजींनीही वाकून पाहिलं. त्यांना जळमटं दिसली. शिवाय जमिनीलगत एक स्विच होता, त्याच्यावर काळा, चकचकीत डाग.

"इथे काय लावता?"

"आता काही नाही. पेटी पूर्वी इथे होती. मग भिंतीवर नेली."

"का?"

"अशीच," म्हणत मालकांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. बुटांना पॉलिश इतकं ताजं होतं की त्यात पंखा दिसत होता.

रिसेप्शनवरच्या बाई रडल्या नाहीत, रागावल्या होत्या. "किल्ली माझ्याकडे म्हणून चोरी माझी? आई अंथरुणाला खिळली आहे, घर माझ्या एकटीवर आहे. ही नोकरी मी कशाला लाथाडेन?" बैठकीचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की या महिन्यापासून ग्राहकांच्या सोयीसाठी ती दुपारी भरते. बदल त्यांनीच केला होता, आणि ऑफिसात सगळ्यांना कळवलाही होता.

"दुपारी नेट जातं?"

"एकदाही नाही. जातं ते सकाळीच."

बाहेर येताच भाऊजी कुजबुजले, "बाई साळसूद आहेत, पण भाचा बघा, वहिनी. नजर मिळवत नाही."

मालकांचा भाचा नकाशे काढायचा. मामा चारचौघांत त्याचे नकाशे भिरकावायचे. "मामांची जिरली तर मी पेढे वाटीन," तो म्हणाला. "पण दुपारची बैठक मीच चालवतो. नेट तोडायचंच तर तेव्हा तोडलं नसतं?"

राहिले हिशेबनीस काका. ते तोलून मापून बोलले. बाईंच्या आधी नेटचं काम एका मुलाकडे होतं. तेव्हाही असंच नेट जायचं. मालकांनी त्याला सगळ्यांसमोर कामचोर म्हणत, लखोटा हातात देऊन हाकललं. तो काहीतरी सांगू पाहत होता. मालक म्हणाले, तोंड बंद.

"मग?"

"मग आठवड्याभरात पेटी भिंतीवर गेली, आणि नेट सुतासारखं सरळ झालं. पार तीन महिन्यांपूर्वीपर्यंत."

वहिनींनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मालकांना फोन स्पीकरवर लावायला सांगितला. संगीत सुरू झालं.

"तेवढ्यात सांगते," वहिनी म्हणाल्या. "बैठक दुपारी गेली हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. नेट तोडणाऱ्याला नाही. पेटी भिंतीवर आहे हे इथे शेंबडं पोरही सांगेल. त्याला ते माहीत नाही. त्याच्या डोक्यातलं ऑफिस जुनं आहे. म्हणजे तो इथे होता आणि आता नाही. आणि 'इथून बघतो' म्हणणाऱ्याला जे तिथून जोडता येतं, ते तिथून तोडताही येतं."

संगीत थांबलं. "नमस्कार. ग्राहक क्रमांक सांगा."

हिशेबनीस काकांनी कपाळाला हात लावला. "अरे, तू?"

"मीच, काका."

"तुम्ही याचा आवाज ओळखला नाहीत," वहिनी मालकांना म्हणाल्या, "कारण इथे असताना तुम्ही याला बोलूच दिलं नाहीत."

"पोलिसात देतो याला!" मालक उसळले. "याच्या कंपनीत तक्रार करतो!"

"करा. तेव्हा नेट का जात होतं, तेही लिहा. पाय लांब करून बसायची सवय तुमची. बुटाचा धक्का लागला की स्विच बंद. त्याचं पॉलिश अजून तिथे आहे. तुम्हाला ते कळलं, म्हणून पेटी हलवलीत. मुलाला मात्र परत बोलावलं नाहीत."

मालक कुणाकडेच बघेनात. भाऊजींना आता कुठे तो डाग कळला.

"साहेब," फोनमधला आवाज थंड होता, "बारा ऑफिसांनी मला दारातून परत पाठवलं, तुमच्या एका शब्दावर. पोलीस बोलवा, माझी हरकत नाही. पण नेट हवं असेल तर टेबलाखाली वाका. काय दिसतं ते सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा."

कुणी मदतीला पुढे झालं नाही. भाच्याने मामांची खुर्ची तेवढी बाजूला सरकवून दिली. मालक गुडघ्यांवर बसले, वाकले.

"डाग आहे," टेबलाखालून आवाज आला.

"कशाचा?"

"माझ्या बुटाचा." मग खालूनच, "बाईंचा तो लखोटा फाडून टाका कुणीतरी."

बाईंनी तो स्वतःच फाडला, चार तुकडे करून.

"माझा कुणी फाडला नव्हता," फोनमधला आवाज म्हणाला. "उठताना डोकं सांभाळा, साहेब."

फोन बंद झाला. भिंतीवरचा लाल दिवा हिरवा झाला, पण मालक अजून खालीच होते.