उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

विचारलंस म्हणून सांगते. ग्राहकाशी मी कामाशिवाय तोंड उघडत नाही, हे तू या ऑफिसात आल्यापासून बघतेच आहेस. वीज येईपर्यंत तसंही काही होणार नाही. तो दिवा जरा अलीकडे ओढ.

त्या दिवशी मी एक फ्लॅट उघडायला गेले होते. ग्राहक येण्याआधी आपण जातो तशीच. खिडक्या उघडायच्या, नळ सोडून तांबडं पाणी वाहून जाऊ द्यायचं, कोपऱ्यातली जाळी काढायची. तिसरा मजला, स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आणि समोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय ओटा दिसायचा नाही. तो फ्लॅट दाखवून दाखवून माझ्या तोंडाला फेस आला होता.

रिकामं घर विकणं अवघड. बोललं की आवाज घुमतो, आणि आवाज घुमला की माणसाचे पाय दाराकडे वळतात. म्हणून मी घर बोलून भरायचे. इथे स्टूल ठेवा, इथे बसून मटार सोला, सकाळी इथे बसलं की बरं वाटतं... ऐकता ऐकता माणसाला ते दिसायला लागायचं. आता हे सगळं मी आणायचे कुठून? माझ्याच घरून. दुसरं घर मला माहीत तरी कुठलं होतं?

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले, त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामांनी मला बजावलं होतं, "ग्राहकाला वेळ दे, सल्ला दे, पावसात छत्री दे. स्वतःच्या घरातलं काही देऊ नकोस." मी हसण्यावारी नेलं. माझ्या घरात देण्यासारखं होतं तरी काय?

आई होती. म्हणजे ती आदल्या हिवाळ्यात गेली होती, पण घरातून गेली नव्हती. संध्याकाळी कुलूप काढलं की बामचा वास यायचा. आत कुठेतरी भांडं पालथं घातल्याचा आवाज व्हायचा. मला भीती वाटायची नाही. मी "आले गं" म्हणायचे आणि चपला काढायचे. नवरा नाही, भावंड नाही, बोलायला तेवढीच एक. लोक विचारायचे, एकटी कशी राहतेस? मला हसू यायचं. एकटी कोण राहत होतं?

तर त्या फ्लॅटला एक बाई आली. साधारण माझ्याच वयाची, राखाडी कपड्यातली. बाकीचे ग्राहक भिंतीची ओल बघतात, नळ पिळतात, किंमत ऐकून कपाळाला आठ्या घालतात. ही मधोमध उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी नेहमीची टकळी सुरू केली. स्टूल झालं, मटार झाले. मी थांबले तसं ती हलक्या आवाजात म्हणाली, "पुढे?"

इतक्या मन लावून माझं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. ऑफिसात कुणी ऐकत नाही आणि घरी उत्तर येत नाही. मी सांगत गेले. आमच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं ते आधी बरणीवर पडतं, मग आईच्या पावलांवर. त्या उन्हात बसून ती भाजी निवडते. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, मी 'निवडायची' न म्हणता 'निवडते' म्हणाले होते.

"छान आहे," ती म्हणाली. "परत एकदा बघायला येऊ?"

ती परत आली. मग पुन्हा आली. भिंतींकडे बघायचीच नाही. मग सुट्टीच्या दिवशीही फोन यायला लागले, तेही माझ्या स्वतःच्या नंबरवर. "ताई, स्टुलाचा रंग कुठला म्हणालात?" "ताई, आई बाम कपाळाला लावायच्या की गुडघ्यांना?" आणि मी सांगायचे. भाजी फोडणीला टाकता टाकता, फोन खांद्यात धरून.

आमच्या स्वयंपाकघरातलं ऊन गेलं ते मला आधी कळलंच नाही. वाटलं, आभाळ असेल. मग एका लख्ख सकाळी शेजाऱ्यांच्या गॅलरीत कपडे उन्हात वाळत होते आणि आमचा ओटा गार, काळवंडलेला. झाड वाढलेलं नाही, समोर इमारत उठलेली नाही. मी खिडकीबाहेर हात काढला. हातावर ऊन पडलं. हात आत घेतला... आत काही नाही.

त्यानंतर बामचा वास गेला. मी आईची उशी नाकाला लावली, कपाट उघडून तिच्या साड्यांत तोंड खुपसलं. नव्या कापडाला येतो तसा कोरा वास. संध्याकाळी मी दारात उभी राहून "आले गं" म्हणाले, तर माझाच आवाज घुमला. भरल्या घरात, सामानसुमान असताना घुमला. असा आवाज मी नोकरीत रोज ऐकत होते. तो कुठल्या घराचा असतो, हे मला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईला फ्लॅट दाखवायला मी आधी पोचले. खिडकी उघडायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच थबकले. ओट्यावर ऊन पडलं होतं. समोर ती भिंत जशीच्या तशी, त्या भिंतीवर सावली... आणि इकडे ओट्यावर बरणीएवढा उन्हाचा तुकडा.

मागे पाऊल वाजलं. ती आली होती.

मी हिय्या केला. "मॅडम, एक सांगायचं होतं. यापुढे फोन ऑफिसच्या वेळेत करा. आणि बोलणं या फ्लॅटपुरतंच. माझ्या घराबद्दल मी काही सांगणार नाही."

मला वाटलं, रागावेल. ती उन्हाकडे बघून हसली. "बरोबर आहे, ताई. प्रत्येकाने आपापली पायरी सांभाळावी. आता तसं विचारायचं काही राहिलंही नाही. हे घर मी घेतलं."

मामांनी पाठ थोपटली. तो फ्लॅट गेला म्हणून ऑफिसात सगळे खूश. मी घरी गेले. भांडं वाजेल म्हणून कान देऊन बसले. मीच एक भांडं पालथं घालून बघितलं. त्याला तो आवाज नव्हता.

किल्ल्यांचा दुसरा जुडगा द्यायचा राहिला होता. शिपायाबरोबर पाठवता आला असता, पण मी स्वतः गेले. दिवेलागणीची वेळ होती. जिन्यातच बामचा वास आला. प्रत्येक पायरीला वाढत गेला. दारापाशी पोचेपर्यंत माझे डोळे भरून आले होते, आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाईने दार अर्धवट उघडलं. आत भांडं पालथं घातल्याचा आवाज झाला.

"कोण आलंय गं?" आतून विचारलं. तोच आवाज... थोडा दमलेला, शेवटी वर चढणारा.

"कोणी नाही, आई," बाई मागे न वळता म्हणाली. "घर दाखवणाऱ्या ताई आहेत. किल्ली द्यायला आल्यात."

"मग आत बोलव की. दारातून पाठवतात होय?"

"मला येऊ द्या..." मी पुटपुटले. "एकदाच. लांबून बघते. बोलणारसुद्धा नाही."

तिने माझ्या हातातून किल्ल्या घेतल्या. तिची बोटं ऊबदार होती. "ताई," ती अगदी मायेने म्हणाली, "आपलं कामापुरतंच ठरलंय ना?"

मी "आई" म्हणून हाक मारली. मारली असं मला वाटलं. जिन्यात तर काही घुमलं नाही.

आतल्या आवाजाने मात्र हाक मारली. "टिटवे, दार लाव बाई. गार वारा येतोय."

"लावते," बाई म्हणाली, आणि तिने दार लावलं.

लहानपणी मी फार बडबडायचे, म्हणून आई मला टिटवी म्हणायची. फक्त आई, आणि तेही घरात दुसरं कुणी नसताना. त्या बाईला मी ऊन दिलं, वास दिला, सगळं सगळं सांगितलं... पण ते नाव मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.