बेकर टेकडीवर पुढे गेलेली पावलं

डोंगर निवडायलाच दोघी बहिणींना अख्खा आठवडा लागला.

ओडील एकसष्ट वर्षांची. गेल्या वसंतात गुडघा बदलला, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं. या हिवाळ्यात पायांना ते रुंद स्नोशू बांधून बर्फातला एक तरी डोंगर चढायचा. सगळा जन्म अमेरिकेतल्या बर्फाळ व्हरमाँटमध्ये गेला, पण नोकरी आणि नवऱ्याचं आजारपण यात ते राहूनच गेलं होतं. धाकटी लुसेट नकाशा पसरून बसली.

"हा नको, शेवटचा चढ उभा आहे. हाही नको, माथा उघडा आहे. वारा उडवून नेईल तुला."

"मला उडवायला वादळ लागेल गं!"

"मग बेकर टेकडी. जाऊन-येऊन चार मैल, वरपर्यंत झाडी. स्नोशू भाड्याने देणारा म्हणाला, पहिलटकरणीला हीच बरी."

"एकसष्टाव्या वर्षी पहिलटकरीण!" ओडील एवढी हसली की कॉफी नकाशावर सांडली.

शनिवारी सकाळी नऊला त्या चढायला लागल्या. रात्रभर बर्फ पडून गेलं होतं आणि वाटेवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. फरच्या सूचिपर्णी झाडांचा गारढोण, कडवट वास, वर निळंशार आकाश, पायाखाली खर्र-फस्, खर्र-फस्. गुडघा कुरकुरतसुद्धा नव्हता. ओडीलला वाटलं, आपण धावत सुटावं.

तासाभराने लुसेट थबकली. ओडीलही थांबली.

खर्र-फस्. खर्र... आणि मग शांत.

"मागून कुणीतरी येतंय," लुसेट म्हणाली. "वाट देऊ या."

दोघी झाडाखाली सरकल्या. "या, व्हा पुढे!" ओडील ओरडली.

वळणावर कुणीच आलं नाही. पण आवाज आला. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, भर उन्हात, वाटेवरचं बर्फ दबलं. एक लांबट ठसा. त्यापुढे दुसरा. मग तिसरा. जुन्या लाकडी स्नोशूंची जाळी त्यात स्पष्ट उमटली होती. ओल्या लोकरीचा वास दोघींच्या नाकावरून गेला. ठसे त्यांना ओलांडून संथपणे पुढे चालत गेले...

"ओडील... तू पण..."

"पाहिलं."

"खाली चल. आत्ताच्या आत्ता."

ओडीलच्या छातीत धडधडत होतं, पण ते निव्वळ भयाचं नव्हतं. असं काळीज उडायला किती वर्षं झाली होती! "माथा हाकेवर आलाय, लुसेट. पाच मिनिटं."

ती पुढे निघाली. लुसेट पुटपुटत मागोमाग. थोड्या अंतरावर ठसे वाट सोडून डावीकडे झाडीत शिरले होते. समोरची वाट मात्र सपाट, पांढरी, स्वच्छ. ओडीलने सवयीने काठी पुढे टेकवली. काठी मुठीपर्यंत आत गेली, आणि वाटेचा तो सगळा तुकडा धप्पकन खाली बसला. खाली पुरुषभर खोलीवर काळं पाणी वाहत होतं. ओढ्यावरचा पूल कधीच वाहून गेला होता. त्यावर नुसतं बर्फाचं झाकण उरलं होतं.

दोघी चार पावलं मागे सरकल्या.

मग लुसेटनेच झाडीकडे बोट केलं. "तिथून... तिथून ओढा अरुंद दिसतोय."

ठशांवर पाय ठेवत त्या पलीकडे गेल्या आणि दहा मिनिटांत माथ्यावर पोचल्या. ओडील हात पसरून ओरडली, रडली, लुसेटच्या गळ्यात पडली. ठसे माथ्याच्या मध्यावर येऊन थांबले होते. पुढे नाही, मागे नाही.

"आभारी आहे," ओडील हळूच म्हणाली. लुसेटने तिचा दंड घट्ट धरला.

उतरताना मागे कसलाच आवाज नव्हता. दीड वाजता त्या गाडीत बसल्या, हीटर लागला आणि दोघींना एकदमच हसू फुटलं.

"सांगून कुणाला पटेल?"

"कुणालाच सांगायचं नाही," म्हणत लुसेटने गाडी रस्त्यावर घेतली.

तेवढ्यात टिंग-टिंग सुरू झालं. मागच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावला नाही की गाडी वाजते, तसं. डॅशबोर्डवर मागच्या सीटचा लाल दिवा लागला होता.

"सॅक मागे टाकलीस?" ओडीलने विचारलं.

"नाही. डिकीत आहे."

टिंग-टिंग... टिंग-टिंग...

"ओडील," लुसेट कुजबुजली, "मागे बघू नकोस..."

मागून बक्कल लागल्याचा आवाज आला. कट्.

टिंग-टिंग थांबलं.