कप्तानाचं पाणी

शारजाच्या पुलावर कार-लिफ्टची, म्हणजे महिन्याच्या भाड्याने नोकरदारांना दुबईला नेणारी, व्हॅन अडकली, की माणसं तीनच कामं करतात. झोपतात, गावी फोन लावतात, नाहीतर शेजाऱ्याच्या मांडीवरचा कागद वाचतात. झारा तिसऱ्या प्रकारातली. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात लोकांचे दाखले तपासणं हीच तिची नोकरी होती.

त्या सकाळी बाहेर दाट धुकं होतं. पुढची बायकांची रांग भरली होती, म्हणून तिला मागे, एका अनोळखी तरुणाशेजारी बसावं लागलं. त्याच्या मांडीवर इंग्लंडातून जन्मदाखला मागवायचा अर्ज होता, समासात मराठी टिपणं. पूर्वजाचं नाव : कॅप्टन वॉल्टर पेग. जन्मगाव : लंडन.

“लंडन कशावरून?” ती बोलून गेली.

तो दचकला. डोळे घारे होते. ते तिने लगेच पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

“गोरा होता. मग कुठला असणार?”

“आपण मराठी बोलतो, म्हणून दोघं मुंबईचे का?”

“नाही. मी रत्नागिरीकडचा.”

“बघा.”

त्याने ‘लंडन’ खोडलं. “मग तुम्हीच सांगा, मॅडम… काय लिहू?”

त्याचं नाव नोमान. राहायला अजमानला, काम इमारतींच्या एसीचे डक्ट बसवायचं. त्याच्या दादीचा, शहरबानूचा, आजोबा इंग्रज होता. आजारी पडून जहाजावरून उतरला, कोकणात आला, बरा झाला, कलमा पढला, निकाह केला आणि तिथेच वारला. दादी त्या वेळी सहा वर्षांची होती. आता ती शहाऐंशीची होती आणि तिला मरण्याआधी एकच गोष्ट हवी होती : त्याचं गाव.

“प्रत्येकाला गाव असतं,” नोमान म्हणाला. “आमच्या कप्तानाला नाही. दादीला ते सलतं.”

झाराने शोध हाती घेतला. इंग्लंडातल्या दफ्तरांना मेल जाऊ लागले आणि त्यांच्यावर चर्चा करायला पूल रोज तुंबू लागला. तीन महिन्यांत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. जॅम नसला, की दोघांना चुकल्यासारखं वाटे. अख्ख्या अमिरातीत अशी माणसं दोनच असावीत.

एका शुक्रवारी त्याने तिला अजमानच्या घरी नेलं. दादी पलंगावर उशांना टेकून बसली होती. तिच्या मुलाने, नोमानच्या हमदुल्लाचाचांनी, बशीसकट काचेचा पेला पुढे केला.

“कप्तानाचं पाणी,” ते म्हणाले. “भाजलेलं पीठ आणि मीठ, गार पाण्यात ढवळून. साहेब रोज प्यायचे. आमच्या घराण्याची रीत.”

झाराने घोट घेतला आणि पेला हातातच राहिला. ही चव ती लहानपणापासून ओळखत होती. तिच्या घरी ते प्लास्टिकच्या मगातून मिळे, आणि त्याला भट्टीचं पाणी म्हणत. तिचा परदादा आगवाला होता, जहाजाच्या पोटात भट्टीत कोळसा लोटणारा. घाम गाळून गाळून पायांत गोळे येत, म्हणून भट्टीवरची माणसं हे पाणी पीत. वरच्या डेकवरच्या कप्तानाला ते पिण्याचं काही कारण नव्हतं.

“तुमचे वाडवडील काय करत?” चाचांनी विचारलं.

“परदादा आगवाला होते.”

“अच्छा…” म्हणत चाचांनी तिच्या हातातला पेला काढून नेला. तो अजून अर्धा भरलेला होता.

सोमवारी व्हॅनमध्ये नोमान तिच्याकडे न बघताच बोलला.

“चाचा नाही म्हणाले,” तो म्हणाला. “कप्तानाच्या घरात आगवाल्याची पोर नको म्हणे.”

“पण मागणी कुणी घातली होती?”

“मी. म्हणजे… आधी तुला विचारायला हवं होतं.”

“हो,” झारा म्हणाली. “विचारायला हवं होतं.” आणि खिडकीकडे वळली, कारण डोळे भरले होते.

इंग्लंडातून कागद आले ते त्याच आठवड्यात. चार दिवस ते तिच्या पर्समध्ये होते. ते समोर टाकले, की चाचांचं तोंड बंद झालं असतं. पण त्याच क्षणी एका म्हातारीचा कप्तान मेला असता, आणि तोही झाराच्या हातून. पाचव्या दिवशी तिने पाकीट नोमानच्या हातात दिलं.

“तू वाच. दादीला सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. मला ह्याच्या जोरावर तुझ्या घरात यायचं नाही.”

त्याने वाचलं. परत वाचलं. पूल मोकळा झाला, तरी तो वाचतच होता.

पुढच्या शुक्रवारी, चाचांच्या देखत, त्यानेच झाराला पुन्हा घरी नेलं. चाचांनी कप्तानाच्या दाखल्यासाठी सोनेरी चौकट आणून ठेवली होती. नोमान दादीच्या पायाशी बसला.

“दादी, गाव सापडलं. लिट्ल थॉर्पिंग. नॉरफकमध्ये. शेताडी मुलूख.”

“लिटल… थारपिन,” दादीने हळूच म्हणून पाहिलं.

“बाप शेतमजूर. लग्नाच्या नोंदवहीत आईने सहीऐवजी फुली मारलीय. नऊ वर्षांचा असताना शिरगणतीत त्याचं नाव आलंय. काम : पाखरं हाकणं.”

“बाकीचं इन्शाल्ला नंतर वाचू,” चाचा घाईने म्हणाले.

“नाही चाचा. आत्ताच.” नोमानने पुढचं पान काढलं. “जहाजावर तो कप्तान नव्हता, दादी. भट्टीवर होता. आगवाला.”

झाराने मान खाली घातली.

दादी आपल्या हातांकडे बघत होती. “पाखरं मी पण हाकलीत,” ती म्हणाली. “भात तयार झालं, की पहाटेपासून. घसा बसायचा. आजोबा शेजारी उभा राहून अशी शीळ घालायचा… मला वाटायचं, एवढा मोठा साहेब, ह्याला हे कोणी शिकवलं?” ती रडत होती, पण चेहरा शांत होता. “कधी म्हणालाच नाही, मी कप्तान म्हणून. लोकच म्हणायचे. गोरा माणूस कोळसा लोटतो, हे गावाला खरं वाटलं नसतं.”

मग तिने झाराला जवळ बोलावलं. “तुमच्याकडे ह्या पाण्यात काय घालतात गं?”

“पीठ, मीठ… आणि गुळाचा खडा.”

“गूळ!” दादीने चाचांकडे पाहिलं. “ऐकलंस हमदुल्ला? एवढी वर्षं आपण नुसतं खारट पीत आलो. जा झारा बेटा, तू कर.”

चाचा सोनेरी चौकट घेऊन आतल्या खोलीत गेले.

सोमवारी पूल नेहमीसारखा तुंबला. झाराला आज पुढे बायकांच्या रांगेत जागा मिळाली होती; नोमान मागच्या सीटवरून पुढे वाकला.

“झारा… आज आधी तुला विचारतो.”

“विचार.”

“मी अजमानहून चढतो, तू शारजाहून. दोघं एकाच स्टॉपवरून चढू या का?”

तिने मागे वळून पाहिलं नाही. “आणि चाचा?”

“ते अजून कप्तान आहेत.”

“उतरतील,” झारा म्हणाली, आणि सीटच्या फटीतून हात मागे केला. व्हॅन हलली, पुन्हा थांबली, पुन्हा हलली. त्याने धरलेला हात दुबई आली तरी सोडला नाही.