नगालुलाचा रंग

मंगळवारी सकाळी इस्पितळातून फोन आला, तेव्हा मी डेपोत ट्रामच्या खाली आडवा पडून ब्रेक बघत होतो. माझी बायको नगालुला गेली होती. तिचं हृदय कमजोर आहे हे आम्हाला दोन वर्षं माहीत होतं, तरी मी फोनवरच्या बाईंना दोनदा विचारलं, "नक्की माझीच ना?"

गुरुवारी संध्याकाळी अंत्यविधीचं काम करणाऱ्या व्हेर्लिंडेन यांनी मला चेहरा बघायला बोलावलं. त्यांनी लावलेल्या रंगानं तो राखट झाला होता.

"आमच्याकडे याहून गडद रंग नाही," ते खाली बघत म्हणाले. "मला माफ करा."

माणूस चांगला होता. पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता सगळी मंडळी शेवटचं तोंड बघायला येणार होती. आम्ही कॉंगोची माणसं शवपेटी उघडी ठेवतो. आणि नगालुलानं मातोंगे या आमच्या वस्तीतल्या आपल्या मेकअपच्या दुकानातून बावीस वर्षांत एकाही बाईला राखट तोंडानं बाहेर पाठवलं नव्हतं.

"मी करतो," मी म्हणालो.

"तुम्हाला येतं?"

"नाही."

दुकानात गेलो. तिच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं मिश्रण लिहिलेलं होतं. कुठली बाटली, किती थेंब. फक्त तिचं पान नव्हतं. स्वतःचं ती नजरेनंच करायची. तिच्या खुर्चीत बसलो आणि बऱ्याच वेळानं आठवलं... एकदा तिनं आपलंही मिश्रण सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. माझी बहीण ओदिल, तिचं लग्न शनिवारी. तिनं मला चेहऱ्याला लावायचं फाउंडेशन आणायला पिटाळलं होतं. हातात तिचा फोटो दिला होता, फ्लॅश मारून काढलेला.

"काय हवंय, पापा?" काउंटरमागची मुलगी म्हणाली. आमच्यात परक्या पुरुषाला पापाच म्हणतात, पण ती ते अशा सुरात म्हणाली की मला माझं वय सांगावंसं वाटलं.

"या रंगाचं द्या." मी फोटो पुढे केला.

तिनं फोटो बघितला. मग मला बघितलं. "ही कोण, भूत?"

"बहीण आहे माझी."

"पावडर जास्त आणि वर फ्लॅश. बिचारी पांढरी पडलीय. यावरून रंग घेतलात, तर नवरा मांडवातून पळेल." तिनं फोटो उलटा ठेवला. "तुमच्यासारखीच आहे का ती?"

"सगळे म्हणतात तसं."

"मग या इकडे."

तिनं माझ्या जबड्यावर तीन रेघा ओढल्या आणि दंडाला धरून मला दाराबाहेर फुटपाथवर नेलं. बारीक पाऊस होता.

"आतल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही," ती म्हणाली. "रंग जबड्यावर बघायचा, बाहेर. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. मान वर करा. हलू नका... हसूही नका."

"मी कुठे हसतोय?"

"डोळ्यांनी हसताय."

मधली रेघ दिसेनाशी झाली. तिनं बोट तिथंच ठेवलं, गरजेपेक्षा थोडं जास्त.

"तुमच्यात आत सोनेरी आहे," ती म्हणाली. "बघा, आपण सगळे एकसारखे काळे नसतो. कुणी आतून सोनेरी, कुणी लाल, कुणी निळसर. ते न बघता नुसता गडद रंग फासला, की माणूस राखेत लोळल्यासारखा दिसतो."

"आणि तुम्ही?"

"मी?" तिनं चेहरा जवळ आणला. "तुमच्याच रंगात एक थेंब लाल टाकला... की मी होते."

मी बाटली घेऊन गेलो. पुढच्या शनिवारी परत आलो. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या खेपेला तिनं हाताची घडी घातली. "तुम्हाला बहिणी किती?"

"एक."

"मग चार बाटल्या कोण लावतंय?"

"कपाटात आहेत."

"बोलायचं होतं तर बोलायचं ना, कबेया. इतका महाग माल घेऊन कशाला?"

"सुचत नव्हतं..."

"अजून सुचत नाहीये?"

"लग्न करशील?" मी म्हणून टाकलं. तिची बहीण बिबिश मागे खोकी रचत होती. तिच्या हातून एक पडलं.

"आधी जेवायला तरी ने," नगालुला म्हणाली. "आणि त्या बाटल्या परत आण. उघडल्या नसतील तर घेईन."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी आणि बिबिश तिच्यापाशी उभे होतो. व्हेर्लिंडेन यांनी पेटी खिडकीजवळ आणली होती. मी माझा रंग घेतला, त्यात एक थेंब लाल टाकला. जबड्यावर रेघ ओढली. ती दिसतच राहिली. रक्त नसलं की चेहऱ्यातलं लाल निघून जातं, हे कोण सांगणार होतं मला? आधी खाली नारिंगी लावलं, डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला. मग दुसरा थेंब. मग तिसरा. कपाळ तिचं गालांपेक्षा गडद होतं, तिथं वेगळं कालवलं.

"थोडं अजून, भावजी," बिबिश म्हणत होती. "गालावर. नाही, बोटानं थापा, घासू नका... ताई ओरडली असती."

तिसऱ्या थेंबाला रेघ दिसेनाशी झाली.

बिबिश खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "आली ताई."

मी माझा गाल नगालुलाच्या गालाशी नेला आणि व्हेर्लिंडेनना विचारलं, "कसं वाटतंय?"

"नवराबायको वाटता," ते म्हणाले.

ओठ बिबिशनं केले. डावी भुवई मी पेन्सिलीनं केली, एकेक केस काढावा तशी, आणि ती जमली. मग बाहेर गाड्यांची दारं वाजू लागली, ओदिलचा आवाज आला, आणि उजवीची रेघ वाकडी जाऊ लागली. तीनदा पुसली.

दहा वाजता दार उघडलं. उजवी भुवई राहिली आहे.