दीडपट डोंगर

न चढलेला डोंगर चढलेल्या डोंगरांपेक्षा बुटका असावा, हे संग्रहालयाच्या संचालकांच्या पचनी पडेना. जगातल्या सर्वांत उंच अजिंक्य शिखरांचं दालन त्यांनी मोठ्या हौसेने काढलं होतं, आणि त्यातला मुख्य मानकरी टेबलावर दुपारी जेवून आडव्या झालेल्या माणसासारखा पसरला होता.

"हा कोणाला चढता आला नाही, की कोणाला चढावंसंच वाटलं नाही?" त्यांनी विचारलं.

प्लास्टरच्या प्रतिकृती करणाऱ्या दादाने धंद्यातला जुना उपाय सुचवला. लांबी-रुंदी नकाशाबरहुकूम ठेवायची, उंची तेवढी वाढवायची. सगळेच करतात. खऱ्या प्रमाणात केली तर हिमशिखरंसुद्धा गादीवरच्या सुरकुत्यांसारखी दिसतात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'उंची दीडपट' असं लिहिलं, की मग कोणी खोटारडा म्हणत नाही. संचालक खूश झाले, फक्त त्या अक्षरांनी शोभा जाईल म्हणाले. दादाने डोंगर दीडपट केला आणि अक्षरं गाळली.

त्याच डोंगरावर त्या वेळी त्याचा धाकटा भाऊ होता. आईला ऑफिसच्या कामाला जातोय असं सांगून आणि स्वतःचं लग्न पुढे ढकलून. सोबत एकच मित्र, लंबू. दोघांच्या कमरेला एकच दोर, आणि पुढे नेहमी लंबू.

प्रतिकृती वाळली त्या दिवशी धाकट्याचा सॅटेलाइट फोन आला. नकाशा करणाऱ्याला एकदा भेटायचंय म्हणाला. डोंगर फारच उभा निघाला होता. दमलेल्या माणसाला जिनाही उभाच वाटतो, असं दादाने ऐकवलं.

दुसऱ्या फोनला त्याच्या आवाजातली गंमत गेली होती. उंची मोजायच्या यंत्रानुसार ते दोघे शिखरावर होते. वर बघावं तर अर्धा डोंगर अजून शिल्लक. परत फिर, असं दादाने बजावलं. पण चढून आलेली वाट मागे बर्फासकट कोसळली होती. शिखर गाठून पलीकडून उतरणं एवढंच उरलं होतं, आणि खाणं संपत आलं होतं.

दादा समजूतदार माणूस. विरळ हवेत भावाला भ्रम होतोय, असं त्याने स्वतःला पटवलं आणि कानस उचलली.

शेंड्यापासून सुरुवात केली. आतून ओल उरलेलं प्लास्टर कानशीत अडकत होतं. डोंगर खऱ्या उंचीला आला तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. सुरकुती तर सुरकुती. संचालकांचं नंतर बघता येईल.

फोन वाजला.

"दादा, पोचलो," धाकटा हसत होता. "उगाच घाबरलो रे. ढग असणार. एकदम समोरच होतं."

दादा स्टुलावर बसला. आईला काय सांगायचं ते आता तूच बघ, असं म्हणाला. मग लंबूला फोन दे म्हणाला.

"लंबू पुढे होता," धाकटा म्हणाला.

"मग?"

"इथे मी एकटाच आहे."

"दोर?"

"आहे. ताठ आहे."

"कड्यावरून लोंबकळत असेल. खाली बघ."

"दोर खाली गेलेला नाही, दादा."

वाऱ्याचा आवाज येत राहिला.

"वर गेलाय. सरळ. वर नुसतं आभाळ आहे."

दादाने टेबलाकडे पाहिलं नाही.

"काप," तो म्हणाला. "दोर काप."

धाकटा शेजारी कोणी झोपलं असावं इतक्या हळू आवाजात म्हणाला, "कसा कापू? तो वरून दोर आवरून घेतोय, नेहमीसारखा. आता माझी चढायची पाळी."