मंडळाने कापलेली पावलं

तुम्ही पाहिलंत. पाच जणांनी, भर दुपारी, पंख्याखाली चहा घेत पाहिलंत आणि खाली सह्या ठोकल्यात. आता विचारायला गेलं की म्हणता, तसं काही नव्हतंच. चित्रपट परीक्षण मंडळाच्या सन्माननीय सभासदांनो, नव्हतं तर मग कापलंत काय?

हात झटकायच्या आधी त्या बाईची हकिगत एकदा सरळ ऐका. तिचे तीन अर्ज तुमच्या फायलींच्या पोटात गेलेत आणि ढेकरसुद्धा आलेला नाही.

स्टुडिओत तिला सगळे पावलंवाली म्हणतात. पडद्यावर नायिका जिना उतरते तेव्हा तुम्हाला ऐकू येतात ती पावलं नायिकेची नसतात. चित्रीकरणात गलकाच इतका असतो की पावलाचा आवाज कुणाच्या हाती लागत नाही. मग कुणीतरी बंद खोलीत पडद्याकडे बघत, तिच्या पावलाला पाऊल जुळवून चालतं आणि तो आवाज फितीवर घेतात. जमिनीवर चौकोन आखलेले असतात, एकात लाकूड, एकात फरशी, एकात खडी. कपाटात चपला-बुटांचे चाळीस जोड. सव्वीस वर्षं ती हेच करते आहे. राण्यांसाठी चालली, दरोडेखोरांसाठी चालली, एकदा घोड्यासाठीही चालली. घोड्याचं काम बरं, म्हणायची, तो मध्येच सूचना देत नाही.

मध्यंतरी जुन्या काळावरच्या एका चित्रपटाचं काम आलं. कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी, मोठ्या घरातला धाकटा मुलगा, प्रेम, विरोध, लग्न. मुलगी काटा-चमचा धरायला शिकते, हळू बोलायला शिकते, सासूचं मन जिंकते आणि शेवटी तापाने नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून जाते. बाहेर पडताना लोकांचे रुमाल ओले व्हावेत असा सगळा बेत. सुरुवातीच्याच पाटीवर लिहिलं होतं, ‘आमच्या घराण्यातील सत्यकथा’. निर्माता त्या घराचाच पुतण्या. चित्रीकरणही त्याच घरात केलेलं.

पावलंवालीने पाटी वाचली, पडद्यावरचं घर ओळखलं आणि पाणी मागितलं. ती मुलगी तिची सख्खी थोरली बहीण होती.

त्यांची आई त्या घरचे कपडे धुवायची. ताईचं लग्न झालं तेव्हा ही दहा वर्षांची. दीड वर्षाने घरातून निरोप आला, तुमची मुलगी ड्रायव्हरबरोबर पळाली, जाताना चांदीचे चमचे घेऊन गेली. आई त्या घराच्या फाटकापर्यंत गेली आणि फाटकावरूनच परत आली. पोलिसांनी ‘स्वेच्छेने निघून गेली’ एवढी ओळ लिहून वही मिटली. पुढे तो ड्रायव्हर बाजारात दिसला, बायकोबरोबर कांदे निवडताना. त्याला कुणी काही विचारलं नाही. या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि अजून दाराला आतून कडी लावू देत नाही. “ती आली आणि दार बंद दिसलं तर?”

म्हणजे एकाच सुनेला त्या घराने एकदा पळवलं आणि एकदा तापाने मारलं. मेलेली बाई पळत नाही आणि पळालेली मांडीवर मरत नाही, एवढं कळायला शाळा लागत नाही. पावलंवालीला फक्त एक कळायला हवं होतं, ताईचं झालं काय? आई आहे तोवर.

काम तिने सोडलं नाही. सोडून मोठ्या घराचं काय बिघडणार होतं? काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसायचा. त्याच्या कानांमुळे त्याला तिखट म्हणत. दोन खोल्या पलीकडे कुणी पान उलटलं तरी त्याला ऐकू यायचं.

“नटी चुकीची चालतेय,” पावलंवाली म्हणाली.

“म्हणजे कशी?”

“लहानपणापासून ओल्या कपड्यांची टोपली डाव्या कडेवर घेतलेली पोर आहे ती. डावा पाय जड पडतो, उजवा नुसता टेकतो.”

“मावशी, पडद्यावर तिच्या कडेवर टोपली नाही. गळ्यात हिरे आहेत.”

“टोपली उतरली म्हणून चाल उतरत नाही, बाबा.”

तिने सहा टॉवेल भिजवले, टोपलीत भरले, टोपली डाव्या कडेवर घेतली आणि चालली. तिखटने पहिल्याच दृश्याला मान हलवली. “आत्ता कुठे या बाहुलीत जीव आला.” चार दिवस असंच काम चाललं. दुपारी जेवायला बसली की पावलंवाली स्वतःशीच हसायची. ताईची पावलं ताईच्याच सासरी, आणि त्या पुतण्याला पत्ताच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला स्वयंपाकघराचं दृश्य लागलं. सून लाकडी जमिनीवरून चालत जाते, मागच्या दारातून अंगणात बाहेर पडते, रिकामं दार दिसतं, दृश्य संपतं. या कामाचा एक नियम आहे. माणूस पडद्याबाहेर गेलं की आणखी चार पावलं टाकायची, एकेक हलकं करत. मग थांबायचं.

पावलंवाली थांबली नाही.

पाचवं पाऊल टाकलं तेव्हा जमीन जिथे असायला हवी तिथे नव्हती, वीतभर खाली होती. सहावं आणखी खाली. ती उभी होती सपाट लाकडी चौकोनावर, आणि पाय उतरत होते. पडदा काळा झाला होता. तिने मोजल्या, अकरा पायऱ्या. मग सपाट. चार पावलं, वळण. चार पावलं, वळण.

“मावशी, अहो, कुठे उतरताय?” काचेपलीकडून तिखट म्हणाला. तिला तोंड उघडता येईना. शेवटी त्याने यंत्र बंद केलं तेव्हा तिचे पाय थांबले. टोपलीतल्या पाण्याने तिचा डावा पाय घोट्यापर्यंत भिजला होता. पाणी बर्फासारखं गार होतं.

त्यांनी फीत ऐकली. आधी लाकूड, मग दगड. ओला दगड, आणि भिंती जवळ आल्यावर येतो तसा दबका घुमारा.

“आपल्याकडे दगडाचा चौकोनच नाही,” तिखट म्हणाला. त्याने पुन्हा लावली, डोळे मिटून ऐकली. “आणि तुमच्या मागे कोण आहे?”

तिलाही ऐकू आलं. ताईच्या पावलांमागून बूट उतरत होते. अकरा पायऱ्या. मग तेच बूट परत वर चढले. अकरा. दार लागलं, अडसर सरकला. खाली मात्र चालूच होतं. चार, वळण. चार, वळण.

“तुमच्या पायांत चपला होत्या,” तो म्हणाला. “हे बूट आहेत.”

“मी एकटीच होते.”

“ते मला दिसत होतं, मावशी. म्हणूनच म्हणतोय.”

दोघांनी ठरवून कुणाला सांगितलं नाही. चित्रपटात रिकामं दार दिसताच आवाज बंद केला आणि रिळं तुमच्याकडे आली. त्यात तो आवाज नव्हता आणि तळघर तर कुणी चित्रितच केलं नव्हतं. हे नीट ध्यानात घ्या.

दहा दिवसांनी तुमचं पत्र आलं. तिने ते हाताने उतरवून घेतलं आहे. ‘रीळ सात. स्वयंपाकघरामागील दारातून सून तळघरात उतरते, मागून पुरुष. पुरुष एकटा वर येतो व दार लावतो. एकूण एक्केचाळीस सेकंद, पूर्णपणे वगळावे. कारण, दार बाहेरून बंद झाल्यानंतर आतील पावलांचा आवाज अनावश्यक लांबला असून कथेस मारक आहे.’

निर्मात्याने सगळ्यांना बोलावलं. असं पत्र हातात घेऊन शहाणा माणूस विचारेल, हे दृश्य आहे कुठे? त्याने विचारलं, “तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

त्याने पत्र उलटून मागची बाजू पाहिली.

“आमच्या घराला तळघर नाही,” तो म्हणाला. तेही कुणी विचारलं नव्हतं.

संकलकाने रीळ तीनदा चालवलं. स्वयंपाकघर, दार, पुढचं दृश्य. “साहेब, यात असं काही नाहीच.”

“कापा.”

“नाही ते कापू कसं?”

“मंडळ म्हणतंय ना एक्केचाळीस सेकंद? तेवढं कापा आणि द्या पाठवून.”

कापलेला भाग डब्यात सीलबंद करून जमा केल्याशिवाय तुमचा दाखला मिळत नाही. संकलकाने एक्केचाळीस सेकंदांची कोरी फिल्म डब्यात भरली. तुमची पोच आली, ‘वर्णनानुसार तपासून स्वीकारले.’

त्याच दिवशी तिखटने ती पावलांची फीत लावली. लाकडावरची ती शेवटची चार पावलं, मग काही नाही. फितीला कुठे जोड नव्हता. “मी पुसलेली नाही, आईशपथ,” तो म्हणाला.

मग ती तुमच्या कचेरीत आली. जिन्यात तुमच्या एक सभासद बाई भेटल्या, पर्समध्ये चष्मा शोधत होत्या.

“बाई, सात नंबरच्या रिळात तुम्ही काय पाहिलंत?”

“ते तळघराचं का? एवढा खर्च करता आणि साध्या चुका करता! नायिका गोरी, उंच, आणि खाली उतरताना दुसरीच कुणीतरी. सावळी, ठेंगणी. आम्हाला काय दिसत नाही?” मग चष्मा सापडला. त्यांनी तो लावला, समोरच्या सावळ्या, ठेंगण्या पावलंवालीकडे पाहिलं, आणि उरलेला जिना भराभर उतरून गेल्या.

कारकून सभ्य होता. म्हणाला, “कापलेला भाग दाखवता येत नाही, ताई. दाखवायचा असता तर कापला असता का?”

“डबा तरी दाखवा. नुसता बाहेरून.”

“तो इथे वर नाही आता. वर होता तेव्हा टायपिस्ट बाई दिवसभर कटकट करायच्या, कपाटात कुणीतरी येरझाऱ्या घालतंय म्हणून. काम होऊ देईनात. मग साहेबांनी तो खालच्या खोलीत ठेवायला लावला.”

“खाली? किती खाली?”

“दहा-अकरा पायऱ्या असतील. तिकडे कुणी जात नाही. कुलूप असतं बाहेरून.”

म्हणजे तुम्हीही तेच केलंत.

तो पुरुष कोण, हे ती विचारत नाही. ते तिला कळलं आहे, पडद्यावर ताई ज्याच्या मांडीवर मरते तोच तो. घराण्यावर खटला भरा असंही म्हणत नाही. तुमच्यात तेवढी धमक असती तर पत्रात ‘कथेस मारक’ लिहिलं नसतंत. तिचा प्रश्न एकच आहे आणि तो कायद्याचा नाही, कानाचा आहे. सभासदांनो, उठा. पाचही जण खाली जा. कुलूप उघडायची हिंमत नसेल तर उघडू नका, दाराला नुसता कान लावा. आणि या वेळी सही-शिक्क्यानिशी लिहून कळवा, आतली पावलं थांबली आहेत, की अजून चालू आहेत?