बिनसेलचा लायटर

आमचे जावई हल्ली दाराची कडी स्वतःच्या हातानं काढत नाहीत. बाहेर उभे राहून खाकरतात. मग मी हातातलं काम टाकून उठायचं, कडी काढायची, आणि हे खिशात हात घालून आत येणार, जसे काही फोटो काढून घ्यायला निघालेत. पाणी हवं ते काचेच्या ग्लासातून. चमचा नको. नळ दुसऱ्यानं सोडून द्यावा. लेकीला म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला हात दिलेत ते काय नुसते मिशीवरून फिरवायला?"

"त्यांना झटके बसतात गं, आई. हवा कोरडी आहे ना."

हवा कोरडी! बाहेर दोरीवरचे कपडे वाळत नव्हते आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं होतं.

मी चार बुकं शिकलेली नाही. सहीपुरतं लिहायचे, हे एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितेय. पण डोळे जागेवर आहेत, आणि जे पाहिलं तेवढंच सांगणार आहे.

खाली आमचा कारखाना, वर घर. हॉटेलांच्या मोठ्या शेगड्या आम्ही दुरुस्त करतो. सिलिंडर आणि त्याचा गॅस सोडायचा कॉक भिंतीपलीकडे बाहेरच्या कोनाड्यात, आणि शेगडी आत ओट्यावर. कॉकपाशी उभ्या माणसाला शेगडी दिसत नाही, शेगडीपाशी उभ्याला कॉक दिसत नाही. म्हणून माझ्या नवऱ्यानं नियम घालून दिला होता. शेगडीवाल्यानं ओरडून विचारायचं, "पेटवू?" कॉकवाल्यानं सगळं नीट बघून सांगायचं, "पेटव." उत्तर आलं नाही तर काडी ओढायची नाही, मग दिवस मावळला तरी चालेल. नवरा गेला, घरजावई कॉकपाशी उभे राहू लागले, पण नियम राहिला. माझा मुलगा लहानपणी ताटावर बसला की पहिला घास उचलून विचारायचा, "आई, पेटवू?"

त्या मुलाला सगळे खटपट्या म्हणत. सर्दी त्याच्या पाचवीला पुजलेली. अत्तराची बाटली नाकाशी धरली तरी कळायचं नाही. हात मात्र सोन्याचे. दुकानातले लायटर हॉटेलवाल्यांच्या ओल्या हातात टिकत नाहीत, म्हणून त्यानं स्वतःच एक करायला घेतला. पाण्याच्या पाइपाचा तुकडा, बॅटरीचे सेल, आणि पोटात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं रीळ. तार गुंडाळायला मला बसवलं. लोकर गुंडाळते तशी मी गुंडाळत होते आणि प्रत्येक थरावर तो मेणकागद चढवत होता.

"एवढे चोचले कशाला रे?" मी विचारलं.

"एक थर दुसऱ्याला चिकटला तर ठिणगी आतल्या आतच उडी मारते, आई. मग बाहेरून कितीही बटण दाबलं तरी यंत्र मुकं."

पुढच्या टोकाला दोन तारा, झुरळाच्या मिशांसारख्या. बटण दाबलं की मधल्या फटीत निळी ठिणगी नाचायची. टिक, टिक, टिक. मागून एक कडवट वास यायचा. त्याला तो कधी आला नाही. मला यायचा.

दुसऱ्या दिवशी तो लायटर घेऊन दुरुस्त झालेली शेगडी तपासायला खाली गेला. मी गच्चीवर होते. आधी पायाखालची फरशी हलली, मग आवाज आला. त्यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

चौकशीला पोलिसांचे साहेब आले. जावयांनी मान खाली घालून सांगितलं, "मी कॉकपाशी नव्हतोच, कोपऱ्यावरच्या दुकानात होतो. कॉक त्यानंच सोडला असणार. आणि पेटवताना विचारलंही नाही. नवं खेळणं हातात आल्यावर धीर कुठला निघतो?"

साहेबांनी तसंच लिहून घेतलं. गल्लीत होता होता सगळ्यांच्या तोंडी तेच झालं. पोर हुशार होतं, पण उतावळं. स्वतः गेलं ते गेलं, कारखानाही घेऊन गेलं असतं. समोरून येणारी बाई माझ्याकडे बघून चुकचुकायची, आणि त्या चुकचुकण्यात माझ्या मुलाची चूक असायची.

उतावळा? विचारल्याशिवाय घास न खाणारा माझा मुलगा?

मूल गेलं, त्याला इलाज नाही. पण त्याचं नाव मी असं जाऊ देणार नव्हते.

त्याच्या वस्तू परत मिळाल्या, त्यात लायटर होता. पाइपाला चरा गेला होता, बाकी धड. सेल फुटून ओघळले होते. ते मी माझ्या हातांनी काढून फेकले, पाइप पुसला आणि स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला.

दोनचार दिवसांनी दुपारी भाजी निवडत होते. जावई पाणी प्यायला आत आले आणि फळीवरून आवाज आला. टिक.

मी वर पाहिलं. त्यांनी नाही पाहिलं. त्यांच्या हातातला स्टीलचा पेला ओठाला लागला आणि निळं काहीतरी चमकलं. पेला खाली पडला. "आईगं!" म्हणून ते तोंड दाबत बाहेर गेले. स्वयंपाकघरात तो कडवट वास राहिला.

पुढे ते वाढत गेलं. कडी चावायची, नळ चावायचा, पट्ट्याचं बक्कल चावायचं. लेक त्याच कड्यांना हात लावायची, मी लावायचे, आम्हाला काही नाही. एकदा एक जुना हॉटेलवाला भेटायला आला. त्यानं विचारलं, "झालं कसं हो हे?" जावई नेहमीचं बोलू लागले, "मी तिथं नव्हतोच..." आणि त्यांच्या बोटातून खुर्चीच्या लोखंडी दांडीवर ठिणगी उडाली. हॉटेलवाला हसला. "काय जावईबापू, अंगात वीज खेळतेय!" जावई हसले नाहीत.

मी मनाशी ताडलं. मग मुद्दामच विचारू लागले. भाजी कशी झालीय, गिऱ्हाईक आलं का, पायाचं दुखणं कसं आहे. काही नाही. त्या दिवसाचं विचारलं की फळीवर टिक, आणि ते हात झटकत उठायचे. एकदा लेकीसमोर विचारलं. ती म्हणाली, "आई, जखमेवरची खपली कशाला काढतेस?"

"कुणाच्या जखमेवरची?" मी म्हटलं.

एका सकाळी लायटर खाली काढला. स्क्रू सोडले. म्हटलं, आत कुठे जुना सेल चिकटून राहिला असेल.

सेल नव्हता. तारही नव्हती.

मेणकागद होते, थरावर थर, त्यानं घातलेल्या घड्या जशाच्या तशा. दोन थरांमध्ये मी गुंडाळलेली तार असायला हवी होती. कागदावर वेटोळ्यांचे ओरखडे होते. टाके उसवून दोरा काढून घ्यावा, तसं कुणीतरी ती अलगद ओढून नेली होती. कागद फाटला नव्हता.

मी स्क्रू पुन्हा बसवले आणि लायटर फळीवर ठेवला.

परवा लेक बाजारात गेली. जावई पलीकडच्या खोलीत मोबाइल बघत बसले होते. मी सगळ्या खिडक्या उघडल्या. घरातल्या शेगडीपाशी उभी राहिले. मधे भिंत होती. मी बटण फिरवलं, गॅस सुसू करायला लागला, आणि नवरा ओरडायचा तशी ओरडले,

"पेटवू?"

"पेटव," पलीकडून आलं.

लगेच. एक क्षणही नाही. बघणं नाही, उठणं नाही. मोबाइलमधून मानही वर केली नसेल.

मग पलीकडे काहीतरी खाली पडलं.

जावई धावत आत आले. तोंड चुन्यासारखं पांढरं. बटण बंद करायला त्यांनी हात पुढे केला.

बोट बटणापर्यंत पोचलंच नाही. वीतभर अंतरावरून ठिणगी निघाली, निळी, बारीक, सरळ.

बर्नर गोल पेटला. एक ज्योत लांब नाही, एक आखूड नाही.

फळीवर लायटर गप्प होता.

"त्यानं विचारलं होतं," मी म्हटलं.

त्यांचे ओठ हलले. "आई..."

"विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतं." ते भिंतीला धरून खाली बसले. "सकाळी कॉक मीच सोडला होता. जेवायला गेलो तेव्हा बंद करायचा राहिला, गॅस आत साठत गेला. परत येऊन कॉकपाशी उभा होतो, पण फोनवर बोलत होतो. त्यानं आतून विचारलं आणि तोंडातून निघून गेलं, आई. सवयीनं निघालं. मी बघितलंच नाही."

बोलताना एकही ठिणगी उडाली नाही.

"माझ्या लेकीला सांगू नका," ते म्हणाले. "पाया पडतो."

पाया पडायला त्यांनी हात पुढे केले, तेव्हा मी ती बोटं नीट पाहिली. प्रत्येक नखाखाली तांबूस, केसासारख्या बारीक रेघा होत्या. एकीला लागून दुसरी, एकसारख्या, ओळीनं गुंडाळलेल्या. थरामागे थर. मनगटापर्यंत गेलेल्या.

ते वेटोळं माझ्या हातचं होतं. मी ओळखलं.

दारात पिशवी टेकल्याचा आवाज झाला. लेक उभी होती. ती कधी आली होती मला ठाऊक नाही, पण तिचा चेहरा सांगत होता की तिनं ऐकलं होतं.

मी शेगडी बंद केली. बटण पुन्हा फिरवलं. गॅस सुसू करू लागला.

"ऐका, जावईबापू," मी म्हटलं. "चूक मी पोटात घातली असती. माणूस आहे, चुकतो. पण तुम्ही ती उचलून माझ्या मेलेल्या पोराच्या तोंडात घातलीत. उद्या साहेबांकडे जाऊन खरं सांगायचं, मग गल्लीत दारोदार. आणि घर सोडून जायचं नाही. मी जिवंत आहे तोवर या घरातली शेगडी तुम्हीच पेटवायची. दोन्ही वेळा. हं, रडू नका. बोट पुढे करा, दूध तापवायचंय."